डिस्चार्जच्या टेबलावरून

सकाळी ७.३०. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात मी केस मॅनेजर आहे. पेशंटला इथून कुठे, कधी आणि कोणाच्या खर्चानं पाठवायचं, हे जुळवायचं माझं काम. यादी उघडली की आजार नंतर वाचते. आधी बघते तो रकाना: इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन.

८.४५. राउंड. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा चार रात्री इनपेशंट, त्यामुळे त्यांचा मार्ग मोकळा. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. त्याच्या पार्ट एमधून, म्हणजे हॉस्पिटलच्या भागातून, नर्सिंग फॅसिलिटीतले पहिले २० दिवस फुकट. २१ ते १०० पर्यंत, २०२५ च्या दरानं, रोज २०९.५० डॉलर पदरचे. पुरवणी विमा असेल तर तो बहुतेक वेळा हे भरतो. आजोबांकडे आहे. पुढे चला.

१०.१५. खोलीत एडिसन गावच्या काकू. घरात पडल्या, कंबरेच्या हाडाला बारीक चीर, ऑपरेशन नाही. मुलानं फॅसिलिटी आधीच बघून ठेवलेली. "ताई, उद्या नेऊ ना तिकडे?"

"काकू ऑब्झर्व्हेशनवर आहेत. मेडिकेअर फॅसिलिटीचे पैसे देणार नाही."

"अहो, तीन रात्री झाल्या! हातात पट्टा आहे, सलाईन लावलंय, ट्रेमध्ये जेवण येतंय..."

सगळं खरं. पण नियमाला सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून लागतात, डिस्चार्जचा दिवस सोडून. ऑब्झर्व्हेशन म्हणजे कागदावर बाहेरचाच पेशंट. त्या रात्री मोजत नाहीत. तशी नोटीस दिलेली होती, काकूंची सहीही आहे. वेदनेनं कण्हणाऱ्या बाईसमोर ठेवलेला कागद कोण वाचतं? माझ्या मते हा नियम पेशंटसाठी नाहीच, हिशेबासाठी आहे.

डॉक्टरांना विचारलं. इनपेशंट केलं तरी ते आजपासून. मागच्या रात्री बदलत नाहीत, आणि तितकी गरजही नाही. फॅसिलिटी स्वखर्चानं म्हणजे रोजचे काहीशे डॉलर.

मग होम हेल्थ. घराबाहेर पडणं कठीण असेल तर नर्स आणि फिजिओथेरपिस्ट घरी येतात. त्याला तीन रात्रींची अट नाही. मात्र दिवसभर सोबत बसणारं माणूस त्यात येत नाही. मुलगा बायकोला फोन लावायला बाहेर गेला. काकू हळूच म्हणाल्या, "घरीच बरं गं. तिकडे चहा कसला मिळतो!"

काकूंनी इथे नोकरी केली नाही, पण काकांची दहा वर्षांची कामाची नोंद आहे, म्हणून पार्ट ए विनाहप्ता मिळाला. साठीनंतर मुलांकडे ग्रीन कार्डवर आलेल्यांचं तसं नसतं: ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षांचा मुक्काम झाला की पार्ट ए विकत घ्यावा लागतो, महिन्याला शेकडो डॉलर मोजून.

१.००. डबा एका हातात, फोन दुसऱ्या हातात. मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फतची योजना. त्या बहुधा तीन रात्रींची अट ठेवत नाहीत, पण आधी मंजुरी मागतात. होल्डवरचं संगीत पाठ झालंय.

३.३०. गेल्या महिन्यात पाठवलेल्या पेशंटच्या लेकीचा फोन. फॅसिलिटीनं नोटीस दिली: 'सुधारणा थांबली, परवापासून विमा बंद.' शंभर दिवस ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे, हे बऱ्याच जणांना अशा वेळीच कळतं. पण सुधारणा थांबली हे कारण पुरेसं नाही. जिमो खटल्याच्या २०१३ च्या तडजोडीनंतर प्रश्न इतकाच, की कुशल नर्सिंग किंवा थेरपीची गरज आहे का. तिला सांगितलं, नोटिशीवरच्या नंबरवर उद्या दुपारी बाराच्या आत अपील कर.

५.१०. शेवटचा प्रश्न रोजचाच: "आंघोळ घालायला, भरवायला कायमचं ठेवता येईल?" फक्त तेवढंच हवं असेल तर मेडिकेअर देत नाही. स्वतःचे पैसे, नाहीतर अटीत बसलात तर मेडिकेड, कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा.

तुमचे आईवडील इथल्या हॉस्पिटलात असतील, तर पहिल्याच दिवशी विचारा: इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन? डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.