सोळा वर्षांची वाट

मागे एका रविवारी दुपारी आमच्या घरी एक स्वीडिश मालिका लागली होती. अर्धा तास झाला असेल-नसेल, तोच माझी मुलगी उठली. म्हणाली, ‘‘अब्बा, यात काही घडतच नाही. खून तर सुरुवातीलाच झाला. आता सगळे नुसते वाट बघत बसलेत.’’

तिने कंटाळून म्हटलेले हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. कारण त्या मालिकेचा विषयच तो होता. वाट बघणे.

मालिकेचे नाव ‘द ब्रेकथ्रू’. मूळ स्वीडिश नाव ‘येनॉमब्रोटेट’. आपण ज्याला कोंडी फुटणे म्हणतो, तसा काहीसा त्याचा अर्थ. जानेवारी २०२५ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. अवघे चार भाग. लेखन ऑस्कर सोडरलुंड यांचे, दिग्दर्शन लिसा सिवे यांचे. पात्रांची नावे बदललेली आहेत. पण कथा घडलेली आहे.

१९ ऑक्टोबर २००४ ची सकाळ. स्वीडनमधले लिनशोपिंग हे शहर. शाळेला निघालेल्या ८ वर्षांच्या एका मुलावर रस्त्यात एका माणसाने चाकूने वार केले. तिथेच असलेल्या ५६ वर्षांच्या एका बाईवरही केले. दोघेही गेले. मारेकरी त्या दोघांपैकी कोणालाच ओळखत नव्हता. वैर नाही, चोरी नाही, कारण नाही. पळताना तो चाकू आणि टोपी मागे टाकून गेला. त्यावरून त्याचा डीएनए मिळाला. म्हणजे मारेकऱ्याची पक्की खूण पोलिसांच्या हाती होती, फक्त नाव नव्हते. ते नाव मिळायला १६ वर्षे लागली.

आपल्याला सवय आहे ती वेगवान रहस्यकथेची. माझ्या लहानपणी थोरल्या भावाच्या उशाखाली बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके असायची. झुंजार आणि काळा पहाड कधी दम खात नसत. प्रकरण संपता संपता कोणीतरी पिस्तूल रोखलेच पाहिजे, असा नियम होता. तो आनंद मी कमी लेखत नाही. पण उत्तर युरोपातल्या देशांनी गुन्ह्याची गोष्ट सांगायची एक वेगळी रीत बसवली. माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात १० कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतले पोलीस थकतात, त्यांना सर्दी होते, त्यांचे घरी पटत नाही, आणि तपास महिनोन्‌महिने रखडतो. पुढे २००७ मध्ये डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीवर ‘फोरब्रुडेल्सेन’ ही मालिका आली. एका मुलीचा खून आणि २० भाग. एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. खुनी कोण, हे तर लोकांना हवेच होते. पण लक्षात राहिले ते त्या मुलीचे आई-बाप. लेक गेल्यावर ते दोघे एकमेकांशी काय बोलणार, हे त्या मालिकेने घाई न करता दाखवले.

म्हणजे ही संथ गती हा दोष नाही, ती निवड आहे. खुनाला क्षण पुरतो. त्याची बातमी दोन दिवस चालते. पण ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्याकडे तो खून रोज नव्याने घडत असतो. हे दाखवायचे तर घड्याळ त्यांच्या घरातले लावावे लागते.

‘द ब्रेकथ्रू’ने यासाठी दोन काळ घेतले आहेत. एक २००४ चा आणि दुसरा १६ वर्षांनंतरचा. आम्ही शायर लोक मुशायऱ्यात शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो. ऐकणारा अडकून राहतो. मग दुसरी ओळ येते आणि पहिलीचा अर्थच बदलतो. मालिकेतले दोन काळ मला तसे वाटले. पहिल्या काळात तपास अधिकारी जॉन तरुण आहे, उमेद आहे. मुलाच्या आई-बापांना तो शब्द देतो की मी त्याला शोधीन. तेव्हा ते वाक्य आपल्याला धीराचे वाटते. दुसऱ्या काळात तोच माणूस समोर येतो. संसार विस्कटलेला, चेहरा ओढलेला, आणि शब्द तसाच शिल्लक. पेटर एगर्स या नटाने हे फार कमी बोलून दाखवले आहे. एक बाई साक्षीदार आहे. तिने मारेकऱ्याला पाहिले, पण चेहरा काही केल्या आठवत नाही. आपल्याला आठवत नाही म्हणून तो मोकळा आहे, हे ओझे तीही वागवते. गुन्हेगाराने दोघांना मारले; पण त्या सकाळी किती माणसांचे आयुष्य थांबले, हा हिशेब दोन काळ शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही.

प्रत्यक्ष तपास किती मोठा होता, तेही सांगतो. पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची २८ फेब्रुवारी १९८६ ला स्टॉकहोमच्या रस्त्यावर हत्या झाली होती. स्वीडनमध्ये त्या तपासाखालोखाल मोठा म्हणून लिनशोपिंगचा तपास ओळखला जातो. ६,००० हून अधिक लोकांचे डीएनए नमुने घेतले गेले. एकही जुळला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. स्वीडनमध्ये खुनाच्या गुन्ह्यालाही २५ वर्षांची मुदत होती. त्यानंतर खटलाच भरता येत नसे. २०१० मध्ये ही मुदत रद्द झाली. तोवर प्रत्येक सरते वर्ष मारेकऱ्याच्या बाजूने मोजले जात होते.

कोंडी फुटली ती वंशावळीने. २०१८ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक खून केलेला एक माणूस पकडला गेला. वाटेकरी झाले त्याचे दूरचे नातेवाईक. आपले पूर्वज कुठले, हे जाणून घ्यायच्या हौसेने त्यांनी आपला डीएनए संगणकावरच्या एका खुल्या संग्रहात ठेवला होता. हे वाचून स्वीडनच्या पोलिसांनी तसाच प्रयत्न करायचे ठरवले आणि पेटर शोलुंड या वंशावळीच्या अभ्यासकाची मदत घेतली. मालिका ज्या पुस्तकावर आधारली आहे, ते पत्रकार अ‍ॅना बोडिन आणि शोलुंड यांनी मिळून लिहिले आहे.

हे कसे चालते, ते समजायला अवघड नाही. पोलिसांची नेहमीची चाचणी डीएनएमधल्या मोजक्या जागा तपासते. हा नमुना त्या नमुन्याशी जुळतो का, एवढेच ती मुख्यतः सांगते. वंशावळीच्या चाचणीत लाखो जागा वाचल्या जातात, त्यामुळे दूरचे नातेही दिसते. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत डीएनएचा सरासरी साडेबारा टक्के भाग सारखा असतो. पणजोबा-पणजी एक असतील, तर साधारण तीन टक्के. खापरपणजोबा एक असतील, तर एक टक्क्याहूनही कमी. पण तेवढा धागा पुरतो. संग्रहात मारेकऱ्याचे असे काही दूरचे नातेवाईक सापडले की आधी त्यांच्यापासून मागे जायचे, त्यांचे सामायिक पूर्वज गाठायचे. मग उलटे फिरून त्या पूर्वजांची सगळी लेकरे, नातवंडे, पतवंडे शोधत आजपर्यंत खाली यायचे. दोन वेगवेगळी घराणी एखाद्या लग्नात एकत्र आली, की त्या जोडप्याच्या वंशात आपला माणूस असण्याचा संभव. पुढे वय, गाव, वस्ती यांची चाळण लावायची. शोलुंड यांची चाळण अखेर दोन सख्ख्या भावांपाशी थांबली. पोलिसांनी नमुने घेतले. त्यांतला एक जुळला.

हे शक्य झाले ते स्वीडनच्या जुन्या दप्तरामुळे. १६८६ च्या चर्च कायद्याने तिथल्या पाद्र्यांवर नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकली. जन्म, लग्न, मृत्यू, गावात कोण आले, गाव सोडून कोण गेले, सगळे वहीत. पाद्री घरोघर जाऊन धर्मपाठ विचारी, वाचता येते का ते बघे, आणि घरातल्या माणसांची नोंद करी. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाला पणजोबांची सही सापडते. कोल्हापूर-बेळगाव भागात हेळवी येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. त्याच जातीचे हे काम, फक्त सगळ्या देशासाठी केलेले. शेदोनशे वर्षांपूर्वी थंडीत गारठलेल्या बोटांनी लिहिणाऱ्या त्या पाद्र्यांना काय ठाऊक, की आपल्या ओळी एका खुनाच्या तपासात वाचल्या जातील! मालिकेत हा वंशावळकार मटियास नूर्दक्विस्ट यांनी रंगवला आहे. त्याच्या हातात पिस्तूल नाही. कागद आहेत, नावे आहेत आणि चिकाटी आहे. रेंगाळणाऱ्या मालिकेला असाच नायक शोभतो.

९ जून २०२० ला मारेकऱ्याला अटक झाली. तो त्याच शहरातला निघाला. खून केले तेव्हा तो २१ वर्षांचा होता, पकडला तेव्हा ३७ चा. त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने त्याला सक्तीच्या मानसोपचारांसाठी पाठवले. योगायोग बघा, अटकेच्या दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, सरकारी वकिलांनी पाल्मे हत्येचा तपास बंद केल्याचे जाहीर केले. त्यांचा संशय ज्याच्यावर होता, तो माणूस २००० सालीच वारला होता. एका तपासाला उत्तर मिळाले. दुसरा ३४ वर्षांनी तसाच मिटला. दोन्ही बातम्या त्या देशाने एकाच आठवड्यात वाचल्या.

आता एक प्रश्न, जो चुकवून चालणार नाही. हौसेने लाळेचा नमुना पाठवणाऱ्याने स्वतःपुरती संमती दिलेली असते. पण त्यातून त्याचे चुलते, मावश्या, कधी न भेटलेले भाऊ, सगळेच उघडे पडतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. स्वीडनमध्येही यावर वाद झाला. ही पद्धत कायद्यात बसते का, याची शंका आल्यावर पोलिसांनी तिचा वापर थांबवला होता; जुलै २०२५ पासून गंभीर गुन्ह्यांसाठी तिला परवानगी देणारा कायदा तिथे लागू झाला. मला स्वतःला दोन्ही बाजू कळतात. सरकारच्या वहीत आपले नाव, आपले कुळ कोणत्या कामासाठी वाचले जाईल, ही धास्ती खोटी नाही. आणि १६ वर्षे दाराकडे डोळे लावून बसलेली आईही खोटी नाही. म्हणूनच कायदा हवा, आणि तो कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणाच्या परवानगीने, हे स्पष्ट सांगणारा हवा.

शेवटी मालिकेतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट. मेलेला मुलगा बाहेरून येऊन स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबातला आहे. मालिकेत त्याचे नाव अदनान. मेलेली बाई त्याच मातीतली, गुनिला. एकाच्या घरी एका भाषेत रडणे, दुसरीच्या घरी दुसऱ्या. मालिका यावर भाषण करत नाही. दोन्ही घरांना सारखा वेळ देते, दोन्ही दारांशी तेवढीच थांबते. खुन्याला मात्र ती मोजकीच जागा देते. कोणासाठी थांबायचे आणि कोणासाठी नाही, हे तिने नीट ठरवले आहे.

मुलीने नंतर पुन्हा पहिल्यापासून मालिका लावली. शेवटचा भाग आम्ही दोघांनी बरोबर पाहिला. मधेच तिचा मोबाइल वाजला. तिने न बघताच तो पालथा घालून ठेवला.