तांबड्या पाकिटाचे दशक

टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याचा आपला जुना व्यवहार नेटफ्लिक्स कंपनीने २९ सप्टेंबर २०२३ रोजी कायमचा बंद केला, तेव्हा अमेरिकेतील वर्तमानपत्रांतून दोन दिवस आठवणी छापून आल्या, त्या डीव्हीडी ज्यांतून घरी येत त्या तांबड्या पाकिटांची छायाचित्रे झळकली, आणि विषय मिटला. तो मिटू देणे योग्य नव्हे, असे मला गेल्या महिन्यात प्रकर्षाने वाटले. सत्यजित राय यांची अपूच्या जीवनावरील चित्रत्रयी नातीला क्रमाने दाखवावी असा माझा संकल्प होता. पहिला चित्रपट पाहून झाला, आणि पुढच्या रविवारी दुसरा लावावयास बसलो, तो दरमहा बिनचूक पैसे वसूल करणाऱ्या आमच्या इंटरनेटवरच्या चित्रसेवेच्या यादीतून तो नाहीसा झालेला होता. परवान्याची मुदत संपली, एवढाच खुलासा मिळाला. ही मुदत कोणी ठरविली, ती पुन्हा वाढणार की नाही, आणि वर्गणी भरणाऱ्याला याची आगाऊ सूचना का नाही, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर देण्यास कोणी जबाबदार नव्हते. त्या संध्याकाळपासून तांबड्या पाकिटांचे ते दशक माझ्या मनातून हलत नाही.

आरंभीच्या वर्षांचा वृत्तांत मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांच्याशी माझा प्रत्यक्ष संबंध नाही. मार्क रँडॉल्फ आणि रीड हेस्टिंग्ज या दोघांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी स्थापन केली. व्हिडिओ कॅसेट जाड आणि वजनदार, तिचा टपालखर्च परवडणारा नव्हता; परंतु डीव्हीडी नावाची पातळ तबकडी त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारात आली होती आणि तिचे वजन जेमतेम सोळा ग्रॅम भरत असे. तशाच एका संगीताच्या तबकडीचे पाकीट करून त्यांनी ते सांताक्रूझ येथे हेस्टिंग्ज यांच्या घरी टपालाने पाठवून पाहिले. ते सुखरूप पोहोचले, आणि १४ एप्रिल १९९८ रोजी दुकान उघडले. १९९९ साली मासिक वर्गणीची योजना निघाली. उशिरा परत केलेल्या एका चित्रपटावर चाळीस डॉलर दंड भरावा लागल्यामुळे हेस्टिंग्ज यांना ही कल्पना सुचली, ही कथा पुष्कळ वर्षे सांगितली गेली. रँडॉल्फ यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिचे निराकरण केले आहे. २००० साली चित्रपट भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या ब्लॉकबस्टर या त्या काळच्या बलाढ्य साखळीपुढे पाच कोटी डॉलरला कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवला गेला आणि तो नाकारला गेला, हे तर सर्वश्रुतच आहे. ब्लॉकबस्टरने पुढे २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

परंतु या संस्थापकांच्या चातुर्याचे गोडवे गाताना ज्या दोन गोष्टींवर हा सारा डोलारा उभा होता, त्या दोन्ही त्यांच्या मालकीच्या नव्हत्या, हे कोणी सांगत नाही. पहिली गोष्ट म्हणजे कायदा. बॉब्स-मेरिल या प्रकाशन संस्थेने आपल्या एका कादंबरीत, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकणे हा हक्कभंग समजला जाईल, अशा अर्थाचा मजकूर छापला असता न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ते खुशाल ८९ सेंटला विकले, आणि १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो दुकानदाराच्या बाजूने: प्रत एकदा विकली की तिच्यावरची प्रकाशकाची सत्ता संपली. हेच तत्त्व पुढे प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यात कलम १०९ म्हणून नमूद झाले. ध्वनिमुद्रिका आणि संगणकाच्या आज्ञावली यांच्या भाड्यावर नंतर निर्बंध आले. चित्रपट मात्र त्यातून सुटले. म्हणजे रोख पैसे मोजून घेतलेली तबकडी, पुस्तक वाचावयास द्यावे तशी, कोणालाही पाहावयास द्यावी, तिचे भाडे घ्यावे, यासाठी कोणत्याही चित्रसंस्थेच्या दारात परवानगीसाठी तिष्ठावे लागत नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे टपालखाते. शहरातील धनिक आणि आडगावचा शेतकरी यांना एकाच दराने, एकाच तत्परतेने कागद पोहोचविणारी ही सार्वजनिक संस्था नसती, तर त्या पाकिटाला पाय फुटले नसते.

आता मी माझ्या दशकाकडे येतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आम्ही न्यू जर्सीतील ज्या लहानशा गावात राहावयास आलो, तेथे चित्रपट मिळण्याची ठिकाणे दोन. एक दुकान साखळीपैकी होते. त्याच्या भिंती त्या त्या महिन्याच्या नव्या हॉलिवूडपटांच्या एकसारख्या खोक्यांनी भरलेल्या असत, आणि ‘परदेशी’ असे लिहिलेली फळी दाराआड, एका हाताच्या रुंदीची. परत करण्यास एक रात्र उशीर झाला की दंड. हिमवादळात रस्ते बंद होते अशी सबब सांगितली तरी दंड. आणि तो भरल्याशिवाय पुढचा चित्रपट नाही. दुसरे ठिकाण म्हणजे भारतीय किराणा दुकान. तेथे डाळ-तांदळाबरोबर हिंदी चित्रपटांच्या कॅसेटी मिळत, गल्ल्यामागच्या मांडणीवर लावलेल्या, प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत काढून रंग उडालेल्या. कुरोसावा, डी सिका, ऋत्विक घटक या दिग्दर्शकांची नावे ज्याने पुण्याच्या चित्रपट मंडळांत ऐकली आणि ज्याला त्यांची कामे पुन्हा एकदा स्वस्थपणे पाहावयाची होती, त्या माणसाला या दोन्ही दुकानांत जागा नव्हती.

तांबड्या पाकिटाने ती जागा दिली. दरमहा १९ डॉलर ९५ सेंट वर्गणी. एका वेळी तीन तबकड्या घरी. परतीची मुदत नाही, दंड नाही. एक परत पाठवावी की यादीतील पुढची निघे. या यादीला सगळे ‘क्यू’ म्हणत, आणि तिचा क्रम लावणे हा आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतरचा गंभीर विषय झाला होता. देशभर पन्नासाहून अधिक वितरण केंद्रे उघडल्यावर सोमवारी टाकलेल्या पाकिटाचा मोबदला बुधवारी दारात येऊ लागला. ते पाकीट मला अजून जसेच्या तसे दिसते. वरचा तांबडा पदर शिवणीवर फाडला की आत परतीचा पत्ता आणि आगाऊ भरलेले टपालहशील. त्याच्या पोटात न फाटणाऱ्या चिवट पांढऱ्या कागदाचे आवरण. त्यावर चित्रपटाचे नाव, नटांची नावे आणि चार ओळींत कथासार. आवरणाच्या भोकातून तबकडीच्या मधल्या कड्यावरची पट्टेदार खूण दिसे, तीच वितरण केंद्रातील यंत्र वाचत असे. तबकडी काढून उजेडात तिरपी धरावी, आधीच्या कोणा अनोळखी प्रेक्षकाच्या बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसावेत, आणि मगच यंत्रात ठेवावी. ओहायोत किंवा टेक्ससमध्ये कोणीतरी हाच चित्रपट पाहून प्रामाणिकपणे परत केला म्हणून तो आज आपल्याला मिळाला, ही जाणीव त्या ठशांत होती.

२००४ च्या हिवाळ्यात आई वाईहून आमच्याकडे आली. बाहेर गुडघाभर बर्फ, शेजारपाजाऱ्यांशी भाषा नाही, दूरदर्शन संचावर तिला कळेल असे काही नाही. राय यांच्या त्रयीतील पहिल्या, ‘पथेर पांचाली’ची तबकडी नुकतीच अमेरिकेत निघाली होती, ती मी मागविली. उपशीर्षके इंग्रजीत, संवाद बंगालीत. मी शेजारी बसून सांगू लागलो तेव्हा तिने हातानेच थांबविले. हरिहर परगावाहून परततो, मुलगी दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही, तिच्यासाठी आणलेले लुगडे तो उत्साहाने पुढे धरतो आणि त्याची पत्नी सर्वजया कोसळते; राय यांनी तेथे तिचा आक्रोश ऐकू येऊ दिलेला नाही, त्याच्या ठिकाणी तारशहनाईचा स्वर आहे. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “रडणं ऐकू आलं असतं, तर मी उठून गेले असते.” चित्रपटकलेवरील पुष्कळ ग्रंथ मी पुढे वाचले; त्या प्रसंगाविषयी याहून नेमके विधान माझ्या वाचनात नाही. त्यानंतर टपालाची गाडी वळणावर दिसली की ती खिडकीशी जाऊन उभी राही आणि विचारी, “आलं का रे पाकीट?” त्या हिवाळ्यात तिने ‘अपराजितो’ पाहिला, ‘अपूर संसार’ पाहिला, आणि डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ दोनदा पाहिला, कारण तबकडी परत करण्याची घाई कोणी करीत नव्हते.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. फार चित्रपट मागविणाऱ्या ग्राहकांना मुद्दाम सावकाश पुरवठा केला जातो, अशी तक्रार घेऊन २००४ मध्ये एक ग्राहक कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेला आणि पुढे त्या दाव्यात तडजोड झाली. परतीची पाकिटे टपालाच्या यंत्रांत अडकत, म्हणून त्यांतील बहुसंख्य हातांनी निवडावी लागतात आणि त्याचा खर्च सरकारी खात्यावर पडतो, असा अहवाल टपालखात्याच्या महानिरीक्षकांनी २००७ मध्ये दिला. कंपनीच्या यशोगाथेत त्या हातांचा उल्लेख सहसा नसतो. माझ्या लेखी त्या यशातला मोठा वाटा त्या हातांचा आहे.

आणि तरीही, २०१० च्या सुमारास या संग्रहात जवळजवळ एक लक्ष शीर्षके होती. मूकपट, पोलंडचे आणि सेनेगालचे चित्रपट, माहितीपट, विस्मृतीत गेलेल्या दूरचित्रवाणी मालिका, सर्व काही एकाच वर्गणीत. मराठी चित्रपट मात्र शोधूनही हाती लागत नसत, हे शल्य मला तेव्हाही होते.

या दशकाचा घात बाहेरच्या कोणी केला नाही. २००७ मध्ये संगणकावर थेट चित्र दाखविण्यास आरंभ झाला, त्याचे मीही स्वागतच केले. दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. परंतु जानेवारी २०१० मध्ये कंपनीने वॉर्नर ब्रदर्सशी करार केला आणि त्यांचे नवे चित्रपट विक्रीस आल्यावर २८ दिवस भाड्याने न देण्याचे कबूल केले. मोबदल्यात थेट प्रक्षेपणासाठी त्यांचे अधिक चित्रपट मिळाले. न्यायालयाने शंभर वर्षांपूर्वी प्रस्थापित केलेला, कोणाच्या मेहेरबानीवर न विसंबणारा हक्क आपण होऊन तहकूब करावयाचा आणि त्याच्या बदल्यात मुदतीचा परवाना घ्यावयाचा, हा सौदा त्या दिवशी झाला. त्याचे परिणाम आज आपण भोगीत आहोत. जुलै २०११ मध्ये दोन्ही सेवांची वर्गणी विभक्त करून ९ डॉलर ९९ सेंटांच्या ठिकाणी १५ डॉलर ९८ सेंट मागण्यात आले. सप्टेंबरात टपालाचा विभाग ‘क्विकस्टर’ या नावाने वेगळा काढण्याची घोषणा झाली, आणि तीन आठवड्यांत ती रद्दबातल ठरविण्यात आली. त्या तिमाहीत अमेरिकेतील आठ लाख वर्गणीदार कंपनीस सोडून गेले. तेव्हाही तबकड्या मागविणारे एक कोटीहून अधिक होते. पण त्यांच्याकडे भूतकाळातील माणसे म्हणून पाहावयाचे, हे कचेरीत ठरून गेले होते.

भारतात याच काळात बंगळूरच्या सेव्हन्टीएमएमने आणि पुढे रिलायन्स गटाच्या बिगफ्लिक्सने हा प्रयोग केला. तेथे टपालाऐवजी दुचाकीवरचा मुलगा तबकडी घेऊन घरी येई. पण आपल्या १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यात कलम १४ अन्वये चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहिलेला असल्यामुळे १९०८ च्या त्या निकालाचा आधार आपल्याकडे नव्हता. दोन्ही सेवा अल्पायुषी ठरल्या.

२०११ नंतरची बारा वर्षे ऱ्हासाची, आणि त्यांत रेंगाळण्याची मला इच्छा नाही. केंद्रे एकेक बंद होत गेली, २०१४ पासून शनिवारचे काम थांबले, खराब झालेल्या तबकड्यांच्या जागी नव्या येईनाशा झाल्या. २०१७ मध्ये थेट सेवेतील पसंती नोंदविण्याची पाच ताऱ्यांची पद्धत काढून तिच्या जागी अंगठा वर की खाली एवढाच कौल ठेवला गेला. ज्या ताऱ्यांवरून आवडीचे भाकीत सुधारणाऱ्यास याच कंपनीने २००९ मध्ये दहा लक्ष डॉलरचे पारितोषिक दिले होते, तेच हे तारे. शेवटी, पाचशे वीस कोटी तबकड्या पोहोचविल्याचे सांगून हा व्यवहार संपला, आणि ज्यांच्या घरी अखेरच्या तबकड्या होत्या त्यांना त्या ठेवून घेण्यास सांगण्यात आले.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना माझे एक सांगणे आहे. ज्या कायद्यावर ती पाकिटे चालली तो रद्द झालेला नाही. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून आजही तबकड्या विनामूल्य मिळतात, आपल्या ग्रंथालयात नसलेली पुष्कळदा दुसऱ्या ग्रंथालयातून मागविता येते, आणि सिएटलचे स्केअरक्रो व्हिडिओ हे ना-नफा तत्त्वावरचे भांडार अजून टपालानेही चित्रपट पाठविते. आपल्या तळघरांतून, भारतवारीत आणलेल्या मराठी चित्रपटांच्या आणि नाटकांच्या तबकड्या खोक्यांत पडून आहेत. त्यांतील कित्येक कोणत्याही चित्रसेवेवर मिळणार नाहीत. त्या आपल्या मालकीच्या आहेत आणि उसन्या देण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे. प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने त्या गोळा कराव्यात, त्यांची सूची करावी, आणि मागेल त्या सभासदाला, दूरगावी असेल तर टपालाने, पाठवाव्यात. तबकडी चालविणारी यंत्रे अजून विकत मिळत आहेत, तोवर हे काम व्हावयास हवे.