चोखंदळ घोड्याला खनिजे द्यायची कशी?

प्रतिनिधी, आसनगाव

चंदी पुढे ठेवली की नुसता वास घेऊन मान फिरवायची, चणे तेवढे वेचून खायचे आणि औषधी पूड गव्हाणीच्या तळाशी तशीच ठेवायची, ही काही घोड्यांची रीत असते. शहापूर-मुरबाड परिसरात वरातीसाठी किंवा फार्महाऊसवर हौसेखातर घोडा पाळणाऱ्यालाही ही अडचण येऊ शकते. मग शक्तिवर्धक पावडरीचा एक डबा आणला जातो. तो घोड्याला रुचला नाही, तर दुसरा. घोड्यासाठी जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे पूरक खाद्य निवडताना मात्र डब्याआधी गव्हाणीत डोकावणे आवश्यक असते. रोजच्या वैरणीत काय आहे आणि काय नाही, हे कळल्याखेरीज कोणताही डबा उपयोगाचा नाही.

भाताच्या पट्ट्यातील अडचण

भातसा आणि तानसा या जलाशयांचा शहापूर तालुका तसेच शेजारचा मुरबाड तालुका हा भाताचा आणि गवताचा मुलूख आहे. त्यामुळे येथे सहज मिळणारी वैरण म्हणजे वाळलेले गवत आणि भाताचा पेंढा. जोडीला गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा आणि भिजवलेले चणे. पोट भरण्यास हे पुरेसे वाटते. पण खनिजांच्या हिशेबात मोठी तूट राहते.

पेंढ्यात कॅल्शियम कमी असते आणि ऑक्सॅलेट नावाचे द्रव्य त्यातील बरेचसे कॅल्शियम बांधून ठेवते. संकरित नेपियरसारख्या हिरव्या चाऱ्यातही ऑक्सॅलेट असते. गायी-म्हशींच्या पोटातील जिवाणू ते बऱ्याच अंशी फोडतात. घोडा रवंथ करणारा प्राणी नसल्याने त्याला ही सोय नाही. म्हणूनच गोठ्यात जे चालते ते पागेत चालेलच, असे नाही.

कोंड्याचे दुष्टचक्र

घोड्याच्या आहारात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम अधिक असावे, साधारण दीडपट ते दुप्पट, असे शास्त्र सांगते. गव्हाच्या कोंड्यात नेमके उलटे असते. दोन किलो कोंड्यात सुमारे २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक फॉस्फरस, तर कॅल्शियम जेमतेम २ ते ३ ग्रॅम असते. तांदळाच्या कोंड्यात ही तफावत आणखी मोठी.

अशी चंदी महिनोन्महिने दिल्यास रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते. घोडा आळीपाळीने वेगवेगळ्या पायांनी लंगडतो, जबडा व नाकाजवळची हाडे फुगतात, दात सैल होतात. युरोपात पूर्वी पिठाच्या गिरण्यांवरील घोड्यांना भरपूर कोंडा मिळत असे. त्यांच्यात हा विकार आढळत असल्याने त्याला गिरणीवाल्यांचा रोग असेही नाव पडले होते.

दात सैल झालेला घोडा कडक गवत चावू शकत नाही. मालकाला वाटते, घोडा नखरे करतो. तो त्याला आणखी मऊ, ओला कोंडा देतो आणि दुखणे वाढते. नुसत्या रक्ततपासणीनेही हे सहज उमगत नाही. कारण हाडे झिजत असताना रक्तातील कॅल्शियम बहुधा ठीकच दिसते. त्यामुळे ‘चोखंदळ’ ठरवण्याआधी घोड्याचे तोंड पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. दातांच्या धारदार कडा, पोटातील व्रण, जंत किंवा सर्रासारखा ताप, यांपैकी कशानेही घोडा अन्न टाकतो. त्यावर पूरक खाद्य हा उपाय नव्हे.

गरज किती?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये घोड्यांच्या पोषणाची प्रमाणे सुधारून प्रसिद्ध केली. त्यांनुसार ४०० किलो वजनाच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्याला दिवसाला १६ ग्रॅम कॅल्शियम, सुमारे ११ ग्रॅम फॉस्फरस, ८ ग्रॅम सोडियम, ८० मिलिग्रॅम तांबे, ३२० मिलिग्रॅम जस्त आणि ०.८ मिलिग्रॅम सेलेनियम लागते. काम, गर्भारपण आणि वाढीचे वय यांत ही गरज वाढते.

यातील बरीचशी तूट स्वस्तात भरते. सोडियमसाठी रोज सुमारे २० ग्रॅम साधे मीठ पुरते. घाम गाळणाऱ्या घोड्याला अधिक. कॅल्शियमसाठी कोंडा कमी करून वाळवलेला लसूणघास द्यावा. त्याच्या एका किलोत साधारण १२ ते १४ ग्रॅम कॅल्शियम असते. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे निरोगी घोड्याच्या मोठ्या आतड्यातील जिवाणू तयार करतात, ‘क’ यकृतात बनते आणि ‘ड’ उन्हातून मिळते. ‘ई’ची गोष्ट निराळी. पावसाळ्यातील हिरव्या गवतात ते भरपूर असते. गवत वाळले आणि महिनोन्महिने गंजीत राहिले की घटते. त्यामुळे होळीपासून पहिल्या पावसापर्यंत केवळ वाळल्या गवतावर असलेल्या घोड्याला ‘ई’ जीवनसत्त्वाची जोड खरोखर लागू शकते. तांबे आणि जस्त यांसाठीही पूरक खाद्याचा विचार करावा.

डब्यावरील आकडे वाचताना

डब्यावर घटकांचे प्रमाण बहुधा एका किलोमागे दिलेले असते. घोड्याच्या पोटात मात्र काही ग्रॅमच जातात. समजा, एका किलोत ८,००० मिलिग्रॅम जस्त आहे आणि रोजची मात्रा २० ग्रॅम आहे. म्हणजे घोड्याला मिळाले १६० मिलिग्रॅम, गरजेच्या निम्मे. घटकांची यादी लांबलचक. पण प्रत्येकाचे प्रमाण नगण्य, असे डबे टाळावेत. मात्रा चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजावी.

घोडा खाईल कसा?

घोडा अनोळखी चवीला बिचकतो. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना निरनिराळ्या स्वादांचे खाद्य देण्यात आले. त्यात पहिली पसंती मिळाली मेथीला, त्याखालोखाल केळ्याला. जिरेही आवडत्या स्वादांत होते. एरवी नाकारल्या जाणाऱ्या खनिजांच्या गोळ्या मेथीच्या किंवा केळ्याच्या स्वादात घोड्यांनी लवकर संपवल्या. मराठी स्वयंपाकघरातील मेथीचा डबा येथे कामी येऊ शकतो.

पूड असल्यास चंदी किंचित ओली करून तिला चिकटवावी, म्हणजे ती तळाशी उरत नाही. सुरुवात चिमूटभर मात्रेने करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. सगळ्या चंदीत पूड कालवू नये. आधी मूठभर चंदीत देऊन पाहावी, म्हणजे ती नाकारली तरी जेवण वाया जात नाही. पिण्याच्या पाण्यात पूड मिसळणे तर टाळावेच. पाणी कमी प्यायलेल्या घोड्याला पोटशूळ होण्याचा धोका असतो.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

दोन-तीन डबे एकत्र देणे सर्वांत घातक. एकच घटक प्रत्येक डब्यात असतो आणि बेरीज कुणी करत नाही. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडे आहे. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे पोलोचे २१ घोडे दगावले. त्यांना टोचलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या औषधात सेलेनियम चुकून अधिक पडले होते.

दुसरा धोका कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याचा. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन हे औषध असते. कोंबड्यांना आणि गुरांना चालणाऱ्या प्रमाणातही ते घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. म्हणून पोल्ट्रीचे खाद्य घोड्याच्या चंदीजवळ ठेवूही नये. गायी-म्हशींसाठीच्या युरियायुक्त खनिज विटाही पागेबाहेरच बऱ्या.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात सल्ला घेण्यास जाताना आठवडाभराच्या चंदी-वैरणीची वजनासह नोंद आणि घरातील सर्व डबे सोबत न्यावेत. कोणती तूट भरायची हे त्यावरून ठरते आणि अनेकदा नव्या डब्याऐवजी कोंडा कमी करणे, मीठ घालणे आणि थोडा लसूणघास देणे एवढेच पुरते.