ओट्याचा दगड

भोसरी, मोशी, चिखली, रावेत, चाकण... पिंपरी-चिंचवडच्या परिसरात कोठेही जा, नव्या इमारती उभ्या राहताना दिसतात. घराचा ताबा मिळाला की घरात चर्चा सुरू होते ती स्वयंपाकघराच्या ओट्याची. कडप्पा घालायचा की ग्रॅनाइट? काळा की तांबूस? ठेकेदार नमुन्याचे तुकडे दाखवतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि मोठी माणसे बहुधा रंग पाहून निवड करतात. पण दगडाची पारख रंगावरून होत नाही. ती त्यातील खनिजांवरून होते. आणि ही पारख केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे, तर दगड कापणाऱ्या माणसाच्या आरोग्यासाठीही हवी. ते कसे, हे या लेखात पाहू.

पायाखालचा दगड ओट्यावर का नाही?

आपला सगळा प्रदेश काळ्या दगडावर वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला आणि थरांवर थर पसरत गेले. ते थंड होऊन जो खडक बनला तो बेसाल्ट. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. कार्ले आणि भाजे येथील लेणी याच दगडात कोरलेली आहेत. पाटा-वरवंटा आणि जाते याच दगडाचे. म्हणजे हा दगड आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीच आला होता!

मग ओट्यासाठी तो का वापरत नाहीत? शिलारस पृष्ठभागावर भराभर थंड झाला, तेव्हा तो आकसला आणि खडकाला तडे गेले. त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून अनेक थरांत पोकळ्या राहिल्या. काही पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली. त्यामुळे दहा फूट लांबीची सलग, निर्दोष लादी या दगडातून मिळणे अवघड. म्हणून मोशीजवळच्या खाणींतला दगड खडी होऊन काँक्रीटमध्ये जातो आणि ओट्याचा दगड परगावाहून येतो.

पाहुणे दगड

कडप्पा हे नाव आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यावरून पडले. हा काळसर चुनखडक आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातील शहाबादची आणि कोटा राजस्थानातील कोटा जिल्ह्यातला. हे दोन्हीही चुनखडकच. प्राचीन समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरांथरांनी साचून ते बनले. थर असल्यामुळे ते सहज पातळ लाद्यांत फुटतात आणि म्हणून स्वस्त पडतात. त्यांतील मुख्य द्रव्य आहे कॅल्शियम कार्बोनेट.

ग्रॅनाइटची कहाणी वेगळी. तोही शिलारसापासूनच बनतो, पण जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश थंड होऊन. सावकाश थंड झाल्याने खनिजांचे स्फटिक मोठे होतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक ही खनिजे असतात. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. ग्रॅनाइटमध्ये तिचे प्रमाण साधारणपणे पाव ते तिसरा हिस्सा असते.

आता एक गंमत पाहा. बाजारात ज्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो बहुतेक वेळा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतोच! तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. आंध्र प्रदेशात ओंगोलजवळच्या चीमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड तुम्ही पाहिला असेल. तो गॅब्रोच्या कुळातला. गॅब्रो आणि आपला बेसाल्ट यांची रासायनिक घडण जवळपास सारखीच. फरक एवढाच की एक जमिनीवर झटपट थंड झाला, तर दुसरा जमिनीखाली सावकाश. आपल्या सह्याद्रीचा भाऊच ओट्यावर बसला म्हणा ना!

अशाच काळ्या दगडाचा एक सपाट पाट आपल्या भागातील अनेक कारखान्यांच्या तपासणी विभागात असतो. त्याला सरफेस प्लेट म्हणतात. यंत्रांचे सुटे भाग त्यावर ठेवून अचूक मापे घेतात. हा दगड गंजत नाही आणि तापमान बदलले तरी पोलादापेक्षा कमी प्रसरण पावतो. घरातील कोणी अशा विभागात काम करत असेल तर त्यांना जरूर विचारा.

चौथा प्रकार कारखान्यात तयार होतो. क्वार्ट्झचा चुरा राळेसारख्या चिकट द्रव्यात घट्ट दाबून ही लादी करतात. तिच्यात क्वार्ट्झचे प्रमाण ९० टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकते. तिला डाग कमी पडतात, परंतु चुलीवरून उतरवलेले गरम भांडे थेट ठेवले तर राळ बिघडते.

तीन सोपे प्रयोग

ठेकेदाराकडून निवडलेल्या दगडाचा छोटा तुकडा मागून घ्या. ओट्यावर प्रयोग करू नका, तुकड्यावरच करा.

पहिला प्रयोग लिंबाचा. तुकड्याच्या चकचकीत बाजूवर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाका आणि दहा मिनिटे थांबा. दगड चुनखडकाचा असेल तर आम्लाची कार्बोनेटशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. थेंबाखाली बारीक बुडबुडे दिसतात. ते दिसले नाहीत तरी पुसल्यावर तेथील चमक गेलेली आढळते. चिंच, व्हिनेगर, कोकम यांचाही परिणाम असाच होतो. ग्रॅनाइट किंवा गॅब्रोवर मात्र काहीच होत नाही. कडप्प्याचा ओटा काही वर्षांनी निस्तेज का दिसतो, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरा प्रयोग ओरखड्याचा. फ्रीडरिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठिणपणाची १ ते १० अशी श्रेणी ठरवली. तीत चुनखडकातील कॅल्साइटचा क्रमांक ३, फेल्डस्पारचा ६ आणि क्वार्ट्झचा ७ आहे. लोखंडी खिळा ४ ते ५ च्या दरम्यान येतो. म्हणून खिळ्याने चुनखडकावर चर पडतो, ग्रॅनाइटवर पडत नाही. ग्रॅनाइटवर करडी रेघ उमटली तर ओल्या बोटाने पुसून पाहा. पुसली गेली तर ती खिळ्याच्याच लोखंडाची!

तिसरा प्रयोग आर्किमिडीजचा. तुकडा दोऱ्याने तानकाट्याला टांगून हवेत आणि नंतर पाण्यात बुडवून वजन करा. समजा, हवेत २७० ग्रॅम आणि पाण्यात १७० ग्रॅम भरले. घट १०० ग्रॅम, म्हणून सापेक्ष घनता २.७. ही ग्रॅनाइटची झाली. गॅब्रोची साधारण ३ च्या आसपास येते. चुनखडकाचीही २.७ च्या जवळपास येते. पण त्याला लिंबाने आधीच ओळखले आहे.

वजन, वाकणे आणि काटकोन

तीन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड लादीचे वजन किती? घनफळ ३ × ०.६ × ०.०२ म्हणजे ०.०३६ घनमीटर. एका घनमीटर ग्रॅनाइटचे वजन सुमारे २,७०० किलोग्रॅम, म्हणून लादी भरते सुमारे ९७ किलोग्रॅम! ती वर कोण चढवणार आणि तिच्याखाली आधार कोठे असणार, हे आधीच ठरवायला हवे.

दगड दाब भरपूर सोसतो, पण ताण फार कमी. लादी दोन आधारांमध्ये वाकली की तिच्या खालच्या बाजूला ताण बसतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. सिंकसाठी भोक पाडले की त्याच्या पुढे-मागे दगडाची अरुंद पट्टीच उरते. म्हणून सिंकच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. भोकाचे कोपरे टोकदार नकोत, गोलसर हवेत, कारण टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो.

भिंती काटकोनात आहेत का, हे पाहण्यासाठी पायथागोरसला बोलवा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फुटांवर खुणा करा. खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट आले तर कोन ९० अंशांचा. कमी-जास्त आले तर लादी त्या मापाने कापावी लागेल. हे माप आधी घेतले तर जागेवर पुन्हापुन्हा कापाकापी करावी लागत नाही. आणि ही कापाकापी टाळणे फार महत्त्वाचे आहे.

पांढरा धूर

इमारतीत ओटा बसवताना तुम्ही पाहिले असेल. कारागीर हातातील कटर चालवतो, पांढरा लोट उठतो आणि तो माणूस त्यात दिसेनासा होतो. तोंडाला फार तर एक रुमाल बांधलेला असतो.

त्या लोटातील मोठे कण नाकात अडकतात किंवा खाली बसतात. धोका लहान कणांचा. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि लोट विरल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. रुमालाच्या विणीतून ते सहज आरपार जातात.

वायुकोशांत आलेले परके कण गिळून टाकण्यासाठी शरीरात भक्षक पेशी असतात. पण क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकमय सिलिकेचा, कण त्यांना पचत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. या झटापटीत फुप्फुसाचा मऊ, लवचीक भाग घट्ट व्रणासारखा होत जातो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा अनेक वर्षांनी उघड होतो. जिना चढताना दम लागतो, पुढे बसल्याजागीही लागतो. क्षयरोगाची शक्यता वाढते. झालेली इजा भरून काढणारे औषध नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासावाटे जाणाऱ्या या सिलिकेला कर्करोगकारक ठरवले.

आपल्या देशाला हा रोग नवा नाही. मध्य प्रदेशात मंदसोर येथे शाळेच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना तो मोठ्या प्रमाणावर झाला होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला सरकारकडे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले. पण तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात एकटाच दगड कापणारा कारागीर कोणत्या कारखान्यात मोजायचा?

आता वरच्या चार दगडांकडे पुन्हा पाहा. चुनखडक आणि गॅब्रो यांत मोकळा क्वार्ट्झ सहसा थोडा असतो, ग्रॅनाइटमध्ये बराच, तर कारखान्यात केलेल्या क्वार्ट्झच्या लादीत सर्वांत अधिक. ही लादी कोरडी कापणाऱ्या तरुण कामगारांना काही देशांत थोड्याच वर्षांत रोग जडला. म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लादीवर बंदी घातली. ज्या क्वार्ट्झमुळे ओट्याला ओरखडा पडत नाही, त्याच क्वार्ट्झमुळे कापणाऱ्याचे फुप्फुस निकामी होते. लक्षात ठेवा, बसवलेला ओटा निरुपद्रवी असतो. घातक असते ती कापण्या-घासण्यातून उडणारी धूळ.

उपाय पाण्याचा

यावर पहिला उपाय साधा आहे. पात्यावर पाण्याची धार धरली की कण जागच्या जागी भिजतात आणि हवेत उडणारी धूळ खूपच कमी होते. भोसरीच्या कारखान्यांत धातू घासताना यंत्रावर द्रवाची धार सोडलेली असते, तसेच हे. शिवाय पातेही थंड राहते आणि अधिक टिकते.

तेव्हा ठेकेदाराशी बोलणी होतील तेव्हा घरच्यांना सांगून पुढील गोष्टी एका कागदावर लिहून घ्या. दगडाचा प्रकार आणि सोबत त्याचा तुकडा. जाडी किती मिलिमीटर. सिंकचे भोक मोजमापात धरणार की नाही. कडेची गोलाई आणि पॉलिश यांचा दर. आधार कोठे. सिंककडे पाण्याचा ढाळ. आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची अट: पुठ्ठ्याचा नमुना करून कटाई शक्य तेवढी दुकानातच, पाण्याच्या यंत्रावर करावी, घरात जे थोडे कापायचे तेही पाणी सोडूनच. पाणी आणि वीज एकत्र येणार, म्हणून वायर अखंड हवी आणि गळतीचा प्रवाह तोडणारे स्विच हवे. कारागिराला रुमालाऐवजी एन-९५ प्रकारचा मुखवटा हवा. राडा ओला असतानाच गोळा करावा. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. कोरडा झाडू मारू नये. आणि तुम्ही मुलांनी काम चालू असताना त्या खोलीत थांबू नये.

यासाठी थोडा खर्च वाढला, तर ठेकेदार तो मागणारच. घरात विचार करताना दराच्या आकड्याशेजारी हाही हिशेब मांडा: आपला ओटा पंचवीस-तीस वर्षे टिकावा अशी आपली अपेक्षा असते. तो बसवणारा माणूसही तेवढी वर्षे मोकळा श्वास घेत राहावा, ही अपेक्षा मोठी नाही.