पित्ताची परतफेरी

पेलाभर पाण्यात चमचाभर गोडेतेल टाका आणि जोरात ढवळा. तेल क्षणभर विखुरतं आणि पुन्हा वर येऊन बसतं. आता भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळा. पाणी दुधाळ झालं ना? तेलाचे अगदी बारीक थेंब झाले आणि ते आता पटकन एकत्र येत नाहीत.

भजी खाल्ली की आपल्या लहान आतड्यात हेच काम पित्ताम्लं करतात. ती यकृतात तयार होतात. कशापासून, माहितेय? कोलेस्टेरॉलपासून! हो, आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट आला की घरातले सगळे काळजीने बघतात, तेच. कोनराड ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये एका कुत्र्यावर प्रयोग करून हे दाखवलं. साध्या हायड्रोजनपेक्षा जड हायड्रोजनची खूण लावलेलं कोलेस्टेरॉल त्यांनी कुत्र्याला दिलं, आणि तीच खूण त्याच्या पित्ताम्लात सापडली!

पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. मोठ्या माणसाच्या शरीरात पित्ताम्लं असतात सगळी मिळून जेमतेम दोन ते चार ग्रॅम. एवढ्यावर दिवसभराचं खाणं कसं पचणार? म्हणून शरीर तीच तीच पुन्हा वापरतं. लहान आतडं संपता संपता, त्याच्या शेवटच्या भागातल्या पेशींवर एएसबीटी नावाचं प्रथिन असतं. ते पित्ताम्लाचा एकेक रेणू पकडतं आणि सोडियमच्या दोन कणांसोबत पेशीच्या आत ओढून घेतं. तिथून रक्तातून थेट यकृतात! दिवसातून सहा ते दहा फेऱ्या होतात. दर फेरीत सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं परत येतात. दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम शीवाटे जातात, तेवढीच यकृत नवी बनवतं.

ही परतीची वाटच बंद केली तर? २००३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या लेंड्यांमधून दहापट, कधी त्याहूनही जास्त पित्ताम्लं बाहेर पडू लागली. तूट भरून काढायला यकृतानं कोलेस्टेरॉल भराभर वापरलं आणि तिथला त्याचा साठा घटला.

कोलेस्टायरामीन नावाची जुनी पूड माणसांत याच मार्गानं काम करते. पाण्यात किंवा रसात कालवून ती प्यायची. तिचे कण आतड्यातून रक्तात शिरतच नाहीत, पित्ताम्लांना धरून शीबरोबर बाहेर जातात. मग यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. अर्थात यकृतही हुशार! ते स्वतःही नवं कोलेस्टेरॉल बनवायला लागतं, त्यामुळे रक्तातली पातळी ठरावीक मर्यादेपर्यंतच उतरते.

काही मुलांना जन्मापासून यकृताचा एक दुर्मीळ आजार असतो. पित्ताम्लं अंगात साठतात आणि इतकी खाज सुटते की रात्र रात्र झोप लागत नाही. एएसबीटीचं काम रोखणारी औषधं अशा मुलांसाठी २०२१ पासून मिळू लागली आहेत.