कीटकांची अंडी : निसर्गपाठासाठी एक विषय

अंडे म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे कोंबडीचे अंडे उभे राहते. कीटकांची अंडी क्वचितच कोणी निरखलेली असतात. वस्तुतः शाळेच्या आवारातील लिंबाच्या वा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर फुलपाखराचे फिकट पिवळे, मोहरीएवढे अंडे सहज आढळते. क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा हिरवा कीटक आपले प्रत्येक अंडे केसासारख्या ताठ देठाच्या टोकावर ठेवतो. त्यामुळे मुंग्यांपासून, आणि आधी बाहेर पडलेल्या भुकेल्या भावंडांपासूनही, त्याचा बचाव होतो. झुरळाची अंडी तपकिरी डबीत बंद असतात.

ही विविधता कशी उत्पन्न झाली? मोठ्या कीटकाचे अंडे मोठे व ते उबण्यास काळही अधिक, अशी पूर्वी समजूत होती. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ६,७०० जातींच्या अंड्यांची दहा हजारांवर वर्णने जमवून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे नियम सर्वत्र लागू पडेनात. अंडे कोठे घातले जाते, यास अधिक महत्त्व दिसून आले. पाण्यात किंवा दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात अंडी घालण्याची रीत ज्या वंशांत आली, तेथे अंड्यांचे आकारमान व घडण बदलत गेली.

हे शिकविताना ‘अनुकूलन’ हा शब्द फळ्यावर लिहून थांबू नये. डासांचे उदाहरण घ्यावे. क्युलेक्स डासाची मादी शेकडो अंडी एकमेकांस चिकटवून पाण्यावर तराफा सोडते. हिवतापाच्या ॲनॉफिलीसची अंडी सुटी असून त्यांच्या दोन्ही बाजूंस हवेचे तरंडे असतात. डेंग्यू पसरविणारी एडिसची मादी मात्र पिंपाच्या वा कुंडीच्या आतील ओलसर कडेवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, काळी अंडी चिकटविते. ती कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत असतात व पाणी चढताच फुटतात. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र, म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, अशाच कीटकवाहित विषाणूंच्या अभ्यासासाठी निघाले.

यास्तव शाळेचे पिंप नुसते उपडे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतली कड काथ्याने घासून काढावी व पिंप उन्हात वाळवावे. जेथे नळास दिवसाआड पाणी येते, तेथे घरोघरी साठवण असते. मुलांनी हे घरी सांगितल्यास अधिक उपयोग होईल.

प्रयोग करावयाचा असल्यास काळ्या डब्यात थोडे पाणी घेऊन कडेला जाड कापडाची पट्टी लावावी. दुसऱ्या दिवशी ती भिंगाखाली पाहावी आणि मग पट्टी व पाणी दोन्ही उकळून टाकावीत. डबा सुटीत विसरून राहू देऊ नये.