अनुरूप स्थळाचं गणित

नवरा-बायकोच्या राजकीय मतांमधलं साम्य ०.५८, शिक्षणातलं ०.५५, उंचीतलं ०.२३ आणि स्वभावाच्या बहिर्मुखतेतलं जेमतेम ०.०८. या मोजपट्टीवर ० म्हणजे चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्यासारखं आणि १ म्हणजे एकाचं कळलं की दुसऱ्याचं नेमकं सांगता यावं इतकं. १९०३ पासूनचे जवळपास २०० अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’मध्ये आलेले हे आकडे आहेत. त्याच संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ७९ हजार जोडप्यांची १३३ गुणांवर तुलना केली, तेव्हाही ८० टक्क्यांहून अधिक गुणांत साम्याकडेच कल निघाला. एक बडबड्या नि एक घुम्या अशी जोडी छान जमते, असं आपण म्हणतो. आकड्यांना ते मान्य नाही. बोलक्या-अबोल स्वभावाच्या बाबतीत जोड्या जवळजवळ योगायोगानेच लागतात.

साम्य येतं कुठून? काही आवडीतून, पण बरंचसं भेटीच्या जागेतून. ज्या कॉलेजात, ज्या ऑफिसात माणसं भेटतात तिथे आधीच एका चाळणीतून गाळून आलेली असतात. थोडं साम्य एकाच ताटातलं खाऊन नंतरही येतं.

या साम्याचा जनुकांवर परिणाम होतो, पण तो बेताचा. उंच माणसांनी उंच जोडीदार निवडले की पुढच्या पिढीची सरासरी उंची बदलत नाही. फक्त खूप उंच आणि खूप बुटक्या माणसांची संख्या थोडी वाढते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्येच हे गणिताने मांडलं होतं. शिवाय ०.२३ हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. त्याचा वर्ग केला तर ०.०५ येतो, म्हणजे नवऱ्याची उंची कळल्याने बायकांच्या उंचीतल्या फरकापैकी फक्त ५ टक्के फरक उलगडतो.

आपल्याकडे मात्र ‘अनुरूप’ची व्याख्या उंचीपासून सुरूच होत नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह सुमारे ५ टक्के निघाले. उरलेल्या ९५ टक्क्यांत शिक्षण, पगार, रंग हे सगळं नंतर. आधी जातीचं कुंपण, मग त्याच्या आत निवड. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या आंबेडकरांनी निबंध वाचला, त्यात जातीचं खरं लक्षण म्हणून त्यांनी नेमकं याच अंतर्विवाहावर बोट ठेवलं होतं.

हे कुंपण किती जुनं, याचं उत्तर जनुकांत सापडतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात लोक सर्रास मिसळत होते, आणि नंतर ते मिसळणं आटलं. २०१७ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांपैकी ८१ समूह असे निघाले की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा त्यांच्यावर फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद आहे. त्यातल्या १४ समूहांची लोकसंख्या १० लाखांच्या वर आहे! समाज मोठा म्हणजे रक्त लांबचं, हा हिशेब इथे चुकतो. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरलं जाणारं स्नायू शिथिल करणारं एक औषध काही जणांच्या शरीरातून लवकर उतरत नाही, आणि हा दोष तिथे इतरांच्या सुमारे १०० पट आढळतो. गोत्र टाळून हे सुटत नाही, कारण गोत्र फक्त बापाकडची एक रेघ पाहतं.

नात्यातल्या लग्नांची चर्चा त्या मानाने जास्त होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात अशी लग्नं ११ टक्के, तमिळनाडूत २८, कर्नाटकात २७. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची रीत आहेच. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या २०१३ च्या अभ्यासात चुलत-मावस-आते-मामे भावंडांच्या लग्नांतून जन्मजात व्यंगाचं प्रमाण ३ वरून ६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. दुप्पट हे खरं, पण १०० पैकी ९४ बाळांना व्यंग नव्हतं, हेही खरं.

कुंपणाची किंमत एका आजारावर मोजून पाहू. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले लोक, देशात साधारण ३ ते ४ टक्के. वाहक स्वतः धडधाकट असतो. दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आता समजा, एखाद्या समाजात वाहक १५ टक्के आहेत. त्यातल्या वाहक मुलाने समाजातच लग्न केलं, तर आजारी मूल होण्याची शक्यता २७ त १. वाहक ४ टक्के असलेल्या समाजातली मुलगी केली, तर १०० त १. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचंही गणित याच चालीचं.

आता लग्नाचा बायोडाटा काढून पाहा. देवक, रास, नाडी, उंची ५ फूट ४ इंच आणि न चुकता रक्तगट. रक्तगटाने होणारी आरएचची अडचण अँटी-डीच्या इंजेक्शनने टळते. थॅलेसेमियाचा वाहक ओळखणारी ‘एचबीए२’ची तपासणीही साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते, तिला मात्र बायोडाटात जागा नाही. कारणही उघड आहे: वाहक म्हटलं की ‘मुलीत दोष आहे’ म्हणून स्थळ परत जातं. वास्तविक एकटा वाहक असण्याने काहीच अडत नाही. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायची गरज नसते. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.